फोटो कशाचा, आणि कशासाठी?

विजेच्या मीटरचा फोटो आपण काढतो तो बिलातलं रीडिंग ताडून पाहायला. गोळ्यांच्या पाकिटाचा काढतो औषधाच्या दुकानात दाखवायला, तळघरातल्या पार्किंगच्या खांबाचा काढतो गाडी पुन्हा सापडावी म्हणून. त्याच गॅलरीत भाचीच्या बारशाचे फोटोही असतात. चार महिन्यांनी त्यातलं नेमकं पाकीट शोधताना बोट दुखेपर्यंत स्क्रीन सरकवावी लागते.

फोटोत काय आहे, हे संगणकाला आता चांगलं ओळखता येतं. 2009 साली इमेजनेट हा नावं लावलेल्या चित्रांचा प्रचंड संग्रह आला. 2021 मध्ये ओपनएआयने ‘क्लिप’ हे मॉडेल इंटरनेटवरच्या 40 कोटी चित्र-मजकूर जोड्यांवर शिकवलं. पण इंटरनेटवर मजकुरासह येतात ते लोकांना दाखवायचे फोटो. मीटरच्या फोटोखाली कोण ओळ लिहितं?

टिम किंडबर्ग, अ‍ॅबिगेल सेलेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये कॅमेरा-फोन वापरणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. फोटोंमागचे हेतू त्यांनी दोन प्रश्नांवर विभागले: फोटो भावनेपोटी काढला की कामासाठी, आणि स्वतःसाठी की इतरांसाठी? माझ्या मते फोटो-शोधाची खरी किल्ली इथेच आहे. माणूस फोटो आठवतो तो कारणासकट. ‘निळं-पांढरं पाकीट’ त्याच्या मनात नसतं, ‘आईची बीपीची गोळी’ असते.

हे कारण चित्रात दिसत नाही. रस्त्यावरच्या खड्ड्याचा फोटो तक्रारीसाठी असेल किंवा विम्याच्या दाव्यासाठी, खड्डा तोच. खुणा असतात त्या चित्राच्या आजूबाजूला. फोटोसोबत तारीख, वेळ आणि बऱ्याचदा ठिकाणही नोंदलं जातं. मीटरचा फोटो एकच असतो आणि तो दर महिन्याला येतो. बारशाचे एका तासात पन्नास. शिवाय फोटो पुढे कुणाला पाठवला, हीसुद्धा मोठी खूण. मात्र ती वाचायची म्हणजे आपल्या खासगी व्यवहारात डोकावणं आलं. म्हणून हेतू ओळखण्याचं काम फोनच्या आतच व्हावं, कंपनीच्या सर्व्हरवर नव्हे, असं मला ठामपणे वाटतं.

तोवर एक करा. सातबाऱ्याचा किंवा औषधाच्या चिठ्ठीचा फोटो काढलात, की लगेच त्याच्या तपशिलात तो कशासाठी काढला हे दोन शब्दांत लिहा. गुगल फोटोज आणि आयफोन, दोन्हींत ती सोय आहे आणि ते शब्द पुढे शोधता येतात.