घरची खळ, पक्की चिकट

पतंग फाटला की ताटातली दोन शिते लावायची, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. तोच गुण मैद्याच्या खळीत आहे. गोंदाच्या बाटलीवाचून मुलांची हस्तकला अडू नये.

१ वाटी मैदा १ वाटी थंड पाण्यात गुठळ्या मोडून कालवा. ३ वाट्या उकळत्या पाण्यात ओतून मंद आचेवर ढवळत राहा. स्टार्चचे कण फुगून खळ चकाकली की उतरवा. चिमूटभर तुरटीची पूड घाला. कागद, पुठ्ठा, कापड घट्ट बसते; प्लास्टिक नाही.

पनवेलच्या दमट हवेत बुरशी लवकर धरते, म्हणून लागेल तेवढीच करा. बुकबाइंडर किडीसाठी खळीत मोरचूद घालतात. ते विषारी आहे. मुलांच्या खळीत कधीही घालू नका.