अभिरूप सराव, आपत्तिसाहाय्यातील
आपत्ती ओढवली आहे असे गृहीत धरून मदत-कार्यकर्त्यांकडून कामे करवून घेण्याची व त्यांवरून त्यांची तयारी पारखण्याची पद्धती. व्यवहारात तिला ‘मॉक ड्रिल’ किंवा ‘रंगीत तालीम’ म्हणतात. दुसरा शब्द काहीसा फसवा आहे. नाटकात संहिता पाठ असावी लागते, येथे ती कार्यकर्त्यांना ठाऊक नसणे इष्ट असते.

सरावाचे दोन प्रमुख प्रकार आहेत. बैठ्या सरावात अधिकारी व स्वयंसेवक नकाशाभोवती बसतात आणि संचालक त्यांना क्रमाक्रमाने वार्ता देतो : पूल पाण्याखाली गेला, दूरध्वनी बंद पडला. क्षेत्रीय सरावात नावा, दोर व रुग्णवाहिका प्रत्यक्ष वापरतात. दोन्हींत निरीक्षक सहभागी न होता निरोप केव्हा मिळाला, निर्णय कोणी घेतला, नाव केव्हा सुटली, याची घड्याळ लावून नोंद करतात. मूल्यमापनाचा आधार ही नोंदच होय. तिच्यावाचून सराव केवळ प्रदर्शन ठरतो.

सांगली जिल्ह्यात कृष्णा व वारणा या नद्यांना २००५, २०१९ व २०२१ मध्ये मोठे पूर आले. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ८ ऑगस्ट रोजी ब्रह्मनाळ (ता. पलूस) येथे पूरग्रस्तांना नेणारी, क्षमतेपेक्षा अधिक माणसे चढलेली नाव उलटून अनेकांचा मृत्यू झाला. नावेत किती जण घ्यावयाचे आणि उरलेल्यांना कोणी थोपवावयाचे, हे सरावात आधीच ठरावे लागते. मात्र सरावातील ‘पूरग्रस्त’ सहसा शिस्तीने बसतात. म्हणून काहींना मुद्दाम गर्दी करण्याची भूमिका द्यावी लागते.

त्याच जिल्ह्याच्या पूर्वेकडील कवठे महांकाळ तालुका अवर्षणप्रवण आहे. दुष्काळाला भोंगा नसतो. तो महिनोनमहिने वाढत जातो. त्यामुळे क्षेत्रीय सराव येथे फारसा उपयोगी नाही. बैठ्या सरावात मात्र अनेक महिन्यांचा काळ एका दिवसात बसविता येतो : विहिरी आटतात, टँकरची मागणी येते, चारा छावणीत जनावरे वाढतात. मागणी आल्यापासून वाडीवस्तीवर पाणी पोहोचेपर्यंत कागद कोठे अडतो, हे येथे पारखावयाचे असते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी नेले, तेव्हा वाघिणी भरणे, त्या रिकाम्या करणे व शहरात पाणी वाटणे ही कामे वेगवेगळ्या यंत्रणांना जुळवून घ्यावी लागली. अशा प्रसंगी टँकर चालविणाऱ्यापासून तहसील कार्यालयातील लिपिकापर्यंत सर्वांनाच सरावात बसवावे लागते.