गोफण आणि मोट : लोब पंप कुठे बसवावा, कुठे नाही

परवा नांदूरघाटच्या बाजारात एका ओळखीच्या शेतकऱ्याने हटकले. "साहेब, भंगारात एक भारी पंप आलाय. कारखान्यातला हाय म्हणं, मळीसुद्धा ओढतो. मग पाणी तर सहजच ओढील. घेऊ का विहिरीवर?" मी म्हणालो, "घेऊ नका." पण नुसते 'नको' म्हणून भागत नाही, कारण सांगावे लागते. तेच आज सविस्तर सांगतो.

आपल्या विहिरीवरचा पंप म्हणजे गोफण. आतला पंखा मिनिटाला २,८०० च्या आसपास फेरे घेतो आणि पाणी बाहेरच्या बाजूला भिरकावतो. गोफणीत गोटा घातला तर लांब जातो. ओला चिखल घालून बघा, तिथेच चिकटून बसेल. म्हणून मळी, शेणाची घट्ट रबडी किंवा श्रीखंड या पंपाला झेपत नाही.

लोब पंपाची जात वेगळी. तो मोटेसारखा. मोट दर खेपेला ठरावीक पाणी भरून आणते, भिरकावत नाही. या पंपाच्या लांबट गोल पेटीत शेजारी-शेजारी दोन दांडे असतात. प्रत्येकावर दोन किंवा तीन गोलसर पाकळ्यांचा तुकडा बसवलेला असतो. दोन पाकळ्यांचा असेल तर इंग्रजी आठच्या आकड्यासारखा दिसतो. या पाकळ्यांनाच लोब म्हणतात. दोन्ही तुकडे एकमेकांच्या उलट फिरतात. सक्शनच्या बाजूला पाकळ्या एकमेकींपासून सुटतात, जागा मोकळी होते आणि माल आत येतो. तो पाकळी आणि पेटीची भिंत यांच्यामध्ये अडकून बाहेरच्या कडेने पुढे जातो. डिलिव्हरीजवळ पाकळ्या पुन्हा एकमेकींत बसतात, जागा मिटते आणि माल पाइपात ढकलला जातो. समजा एका फेऱ्याला १ लिटर माल जातो. मग मिनिटाला ३०० फेऱ्यांत, गळती सोडून, ३०० लिटर. हिशेब सरळ.

गंमत अशी की पाकळ्या एकमेकींना शिवत नाहीत. पेटीबाहेरचे दोन गिअर त्यांचा मेळ राखतात. त्यामुळे आत घासाघीस नाही आणि पेटीत वंगण लागत नाही. म्हणूनच दूध डेअऱ्यांत साय, दही, श्रीखंड हलवायला स्टेनलेस स्टीलचे लोब पंप वापरतात. दह्याची कवडी फारशी मोडत नाही. आंब्याचा गर, टोमॅटो सॉस, मैलापाण्याचा गाळ आणि बायोगॅसची स्लरी यांनाही हाच पंप चालतो. साखर कारखान्यात मळीसाठी हा किंवा याच घराण्यातला गिअर पंप असतो. अमेरिकेतल्या रूट्स बंधूंनी १८६० साली अशाच पाकळ्यांच्या यंत्राचे पेटंट घेतले. ते लोकरीच्या गिरणीसाठी पाण्याचे चाक सुधारायला निघाले होते, पण यंत्र उपयोगी पडले हवा फुंकायला. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात हवा सोडणारे 'रूट्स ब्लोअर' त्यांच्याच नावाचे.

मग विहिरीवर का नको? पाकळ्यांमध्ये बारीक फट असते. घट्ट माल त्या फटीतून मागे येत नाही, पातळ पाणी मात्र सरकते. पाण्याबरोबर आलेली वाळू ती फट आणखी वाढवते. विहीर खोल असेल तर वरून ओढायलाही हा पंप कच्चा. थोडक्यात, वीजबिल पूर्ण आणि पाणी अर्धवट.

आता सर्वांत महत्त्वाचे. विहिरीवर आपण डिलिव्हरीचा कॉक बंद ठेवून मोटार चालू करतो, कारण त्याने मोटारीवर ताण कमी येतो. सवय चांगली आहे. लोब पंपावर तीच सवय घात करते. भिरकावणारा पंप कॉक बंद असला तर आतल्या आत पाणी घुसळत बसतो. हा पंप ढकलतच राहतो. दाब चढत जातो आणि पाइप फुटतो, दांडा मोडतो, नाहीतर मोटार जळते. एका ठिकाणी नव्या कामगाराने याच सवयीने कॉक बंद ठेवला. जोड उडाला, स्लरी छतापर्यंत गेली. माणूस दोन पावले बाजूला होता म्हणून वाचला. तेव्हा आधी कॉक उघडा, मग बटण दाबा.

सरपंच आणि ग्रामपंचायतीच्या अधिकाऱ्यांसाठी दोन शब्द. २०१८ मध्ये केंद्राची गोबरधन योजना आली. गावाच्या बायोगॅस प्रकल्पासाठी स्लरी पंपाचे दरपत्रक समोर आले तर सही करण्याआधी पाच गोष्टी विचारा. जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह आहे का? पंपाआधी खडे, लोखंड अडवणारी पेटी आहे का? पाकळ्यांवर रबर आहे का आणि सुट्या पाकळ्या किती दिवसांत मिळतील? पुढचे झाकण उघडून जागेवरच दुरुस्ती होते का? पंप किती फेऱ्यांवर चालणार? स्लरीसाठी सावकाश फिरणारा बरा, तो कमी झिजतो. आणि घरचा दोन-चार जनावरांचा गोबरगॅस असेल तर पंप घेऊच नका. तिथे स्लरी गॅसच्या दाबाने आपोआप बाहेर येते.

बाजारातल्या त्या शेतकऱ्याला मी एवढेच म्हणालो, "पाण्याला गोफण, घट्ट मालाला मोट." त्याने पिशवी उचलली आणि म्हणाला, "मग भंगारवाल्याचं भंगार त्यालाच राहू द्या." पैसे वाचले. तुमचेही वाचावेत, म्हणून हा लेखप्रपंच.