ओळ हरवली की वाचन हरवते

सीमाभागातील आमच्या मराठी शाळांची पाठ्यपुस्तके कर्नाटक सरकारची. अवांतर वाचनाची मात्र कायम ददात. त्यामुळे बालभारतीने ‘किशोर’ मासिकाचे 1971 पासूनचे जुने अंक इंटरनेटवर मोफत खुले केले, तेव्हा आम्हा शिक्षक मंडळींना आनंद झाला. परंतु मोबाईलवर अंक दिसणे आणि तो मुलाला वाचता येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

छापील पानासाठी मांडलेला मजकूर तळहाताएवढ्या पडद्यावर आला की अक्षर मुंगीएवढे होते. मोठे करावे तर ओळ बाहेर जाते. तिसरीतले मूल ओळीखाली बोट ठेवून वाचते. इथे बोट टेकले की पानच सरकते! मग ते अंदाजाने शब्द म्हणू लागते, आणि घरच्यांना वाटते, पोर छान वाचतेय.

2018 मध्ये पाब्लो डेलगाडो व सहकाऱ्यांनी 54 अभ्यास एकत्र तपासले. त्यांत 1 लाख 70 हजारांहून अधिक वाचक होते. कागदावर वाचणाऱ्यांना मजकूर अधिक समजला. माहितीपर मजकुरात आणि वेळेचे बंधन असताना फरक अधिक होता. निव्वळ गोष्टींत तो आढळला नाही. म्हणजे गोष्ट मोबाईलवर चालेल, विज्ञानाचा धडा कागदावरच बरा. स्वीडनसारख्या सधन देशानेही 2023 मध्ये शाळांना छापील पुस्तकांसाठी खास निधी दिला.

लेखनाचे दुखणे वेगळेच. मुले रोमन अक्षरे टंकतात आणि यंत्राने पुढे केलेल्या शब्दांतून एक उचलतात. ‘बाळ’ आणि ‘बाल’ यांना अक्षरे तीच! गंमत अशी की ‘ळ’ आणि ‘ण’ शेजारच्या कन्नडलाही आहेत. रोमन लिपीलाच नाहीत. हाताने गिरवल्याखेरीज हा भेद मुलांच्या मनात पक्का होत नाही, असा आमचा वर्गातला अनुभव आहे.

आमचा पडद्याला विरोध नाही. खालच्या वर्गांसाठी निवडक पाने मोठ्या अक्षरात छापून घ्यावीत. झेरॉक्सचा खर्च पालक-शिक्षक मंडळांना न झेपण्याजोगा नाही. पाचवीपासून पुढे पडद्यावर वाचायला मुद्दाम शिकवावे: एक परिच्छेद वाचायचा, मोबाईल पालथा ठेवायचा आणि काय कळले ते वहीत एका ओळीत लिहायचे. यासाठी आठवड्याचा एक तास कोठून काढायचा, एवढे मुख्याध्यापकांनी येत्या बैठकीत ठरवावे.