आज्जीचं बियाण्याचं गाडगं

मृग जवळ आला, की आमच्या देवणीत दर वर्षी एकच धांदल असते. कुणाला बियाण्याच्या पिशव्या आणायच्या असतात, कुणाला खताची उधारी करायची असते. अशा वेळी मला माझी आज्जी आठवते. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण बियाण्याच्या बाबतीत ती घरातल्या गड्यामाणसांचंही ऐकत नसे.

सुगीत ज्वारीची कणसं खळ्यावर आली, की टपोरी, बिनकिडकी कणसं ती आधी बाजूला काढायची आणि चुलीच्या धुरावर टांगायची. मग ते दाणे राखेत घोळून, कडुलिंबाचा पाला घालून गाडग्यात भरायची आणि शेणमातीनं तोंड लिंपायची. 'बी मोडून खाल्लं, की घर मोडलं म्हणून समज माय,' असं म्हणायची.

१९७२ च्या दुष्काळात आज्जी खडी फोडायला जायची. लाल मिलोची भाकरी लेकरांच्या घशाखाली उतरत नव्हती. माझे वडील तेव्हा लहान. 'गाडग्यातल्या ज्वारीची एक तरी भाकरी कर,' म्हणून रडायचे. आज्जी पदरानं डोळे पुसायची, पण गाडगं तिनं फोडलं नाही. पुढच्या साली पाऊस झाला, तेव्हा गल्लीतल्या कितीतरी जणांनी सावकाराकडून दिढीनं बी आणलं. आमची पेरणी घरच्या बियाण्यावर झाली.

पुढं ज्वारीची जागा सोयाबीननं घेतली आणि गाडगं माळ्यावर गेलं. पिशवी आणली की झालं, असं मीही धरून चालले. २०२० साली मराठवाड्यात ठिकठिकाणी सोयाबीन उगवलंच नाही. आमचंही विकतचं बियाणं निम्मं मातीत कुजलं. दुबार पेरणीसाठी कानातली फुलं गहाण ठेवून आले, त्या रात्री आज्जीचं गाडगं डोळ्यांपुढून हलेना.

तेव्हापासून मी घरचं बी राखते. संकरित वाणाचं बी पुन्हा पेरून चालत नाही, पण सोयाबीनचं चालतं. फक्त आधी पारखून घ्यायचं. आज्जी ओल्या फडक्यात दाणे बांधून बघायची; कृषी खातंही आज तेच सांगतं. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटावर ओळीनं मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा. आठवडाभरात मोड आलेले दाणे मोजा. सत्तर किंवा जास्त निघाले, तर एकरी ३० किलो बी पुरतं. कमी निघाले, तर त्या मानानं वाढवायचं. सोयाबीनची साल नाजूक असते, म्हणून पोतं कधी आपटायचं नाही.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाणं जपल्याबद्दल २०२० सालीच पद्मश्री जाहीर झाली. शाळेची पायरी न चढलेल्या बाईचा तो मान बघून वाटलं, आपल्या आज्ज्यांना कुणी कधी विचारलंच नाही.

परवा लेकीनं गोणपाट उलगडलं आणि दाणे मोजून ओरडली, 'आई, ब्याऐंशी!' मला भरून आलं.

मैत्रिणींनो, पीक असो की पगार, खाण्याआधी पुढच्या सालाचं बी बाजूला काढायचं, आणि बी घरचं असो की दुकानातलं, पारखल्याशिवाय मातीत टाकायचं नाही. आज्जीनं मला एवढंच शिकवलं. तुमच्या घरात अजून एखादं जुनं माणूस असेल, तर आजच त्याच्याजवळ जाऊन बसा आणि विचारून घ्या.