पडलेला चेहरा

चंपी आमच्याकडे आली तेव्हा अडीच महिन्यांची होती. सोसायटीच्या जिन्याखाली जन्मलेल्या पाच पिल्लांतली एक. सात-आठ महिन्यांची झाल्यावर तिचे एक विचित्र वागणे सुरू झाले. संध्याकाळी आम्ही दार उघडले, की ती कान मागे पाडून, पोट फरशीला घासत पुढे यायची आणि पायाशीच लघवी करायची. आम्ही बोट नाचवून रागवायचो. ती मान फिरवायची, शेपूट पायांत घालायची. घरात सगळ्यांचे मत एकच : हिला सगळे कळते, चेहराच सांगतो. आणि कळत असूनही करते म्हणजे मुद्दाम करते, हे ओघानेच आले. आमचा आवाज चढत गेला, आणि लघवीही वाढत गेली.

‘चेहरा सांगतो’ या समजुतीची तपासणी अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी न्यूयॉर्कच्या बर्नार्ड महाविद्यालयात केली. २००९मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात १४ पाळीव कुत्रे होते. मालकाने खाऊ दाखवायचा, ‘खायचा नाही’ असे बजावायचे आणि खोलीबाहेर जायचे. त्याच्यामागे कधी खाऊ कुत्र्याला दिला जाई, कधी गुपचूप उचलला जाई. परतलेल्या मालकाला मात्र काही वेळा खरे, काही वेळा खोटे सांगितले जाई. त्यामुळे काही निरपराध कुत्रे बोलणी खात आणि काही खाऊ फस्त केलेले शाबासकी मिळवत. पडलेले कान, चुकवलेली नजर, दबलेले अंग यांचा गुन्ह्याशी संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो रागावण्याशी. चेहरा सर्वांत जास्त पडला तो काहीही न खाता बोलणी खाणाऱ्या कुत्र्यांचा.

ज्याला आपण कबुलीजबाब समजतो ती खरे तर विनवणी असते : ‘मी लहान आहे, मला मारू नका.’ पायाशी केलेली लघवी हीसुद्धा पिल्लांची तीच भाषा आहे. आमच्या पशुवैद्यांनी हे सांगितले तेव्हा हिशेब उलगडला. ती विनवणी करी, आम्ही रागवत असू; राग शांत झाला नाही म्हणून ती आणखी विनवणी करी. सहा महिने आम्ही तिला नेमके तेच शिकवत होतो, जे सोडवायचे होते.

मग आपल्याला धाक हाच पहिला उपाय का सुचतो? एक मूळ लष्करी-पोलिसी शिस्तीत आहे. जर्मन पोलीस अधिकारी कॉनराड मोस्ट यांचे १९१०चे श्वानशिक्षणाचे पुस्तक पुढे अनेकांनी गिरवले, आणि त्यात पट्ट्याच्या झटक्याला मोठे स्थान होते. दुसरे मूळ लांडग्यांत. रुडॉल्फ शेंकेल यांनी बाझल येथील प्राणिसंग्रहालयातले लांडगे पाहून १९४७मध्ये कळपातल्या वर्चस्वाच्या झगड्यांचे वर्णन केले. ते लांडगे बंदिस्त होते. डेव्हिड मेक यांच्या १९७०च्या पुस्तकाने ‘अल्फा’ ही कल्पना जगभर नेली. पुढे त्याच मेक यांनी कॅनडातील एल्समिअर बेटावर मोकळे लांडगे अनेक उन्हाळे पाहिले आणि १९९९मध्ये लिहिले, की कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पोरे. तिथे ‘अल्फा’ म्हणणे म्हणजे घरातल्या बापाला सेनापती म्हणण्यासारखे. आपले जुने पुस्तक छापणे थांबवावे, अशी विनंतीही त्यांनी प्रकाशकांना केली. एवढे मोकळेपण अभ्यासकांत विरळा. कल्पना मात्र अजून घरोघरी नांदते आहे : कुत्र्याला खेळात जिंकू देऊ नका, डोक्यावर बसेल.

याचीही परीक्षा झाली आहे. ब्रिटनमध्ये निकोला रूनी आणि जॉन ब्रॅडशॉ यांनी १४ गोल्डन रिट्रीव्हरांबरोबर रस्सीखेच खेळून पाहिली. कधी कुत्र्याला जिंकू दिले, कधी हरवले. जिंकल्याने एकही कुत्रा शिरजोर झाला नाही. निकाल काहीही लागो, खेळानंतर ते माणसाचे अधिक ऐकत होते. एवढेच, की मुळात खेळकर असलेले कुत्रे जिंकल्यावर ‘पुन्हा खेळू या’ म्हणून जास्त मागे लागत.

खेळाला कुत्र्यांत व्याकरण असते. पुढचे पाय पसरून, छाती खाली आणि मागचा भाग वर, हे आमंत्रण : यापुढचे चावणे खोटे आहे. मोठा कुत्रा पिल्लासमोर आपण होऊन उताणा पडतो. दात जोरात लागला की समोरचा कळवळतो आणि खेळ थांबतो. पिल्लू यातूनच जबडा आवरायला शिकते. शिक्षण याच थांबण्यात आणि पुन्हा सुरू होण्यात आहे. आम्ही जुन्या पंचाला गाठी मारल्या. चंपी ओढायची, मीही ओढायचो. मग हात एकदम निश्चल करायचा. न हलणाऱ्या पंचात तिला रस राहत नसे, ती सोडायची. तोंड उघडते त्याच क्षणी ‘सोड’ म्हणायचे आणि लगेच पंचा पुन्हा नाचवायचा. चारेक दिवसांत शब्द पक्का झाला. बक्षीस खाऊचे नव्हते, खेळाचेच होते.

क्षण महत्त्वाचा. वर्तनशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९५१च्या एका लेखात पोटच्या खाऊआधी ‘टिक’ वाजणारे छोटे खेळणे वापरण्याचा सल्ला दिला, तो यासाठीच : खिशातून बिस्किट निघेपर्यंत कुत्रा दुसरेच काही करत असतो. तासाभरापूर्वी फाडलेल्या चपलेबद्दल आत्ता दिलेली शिक्षा त्याच्या लेखी आपल्या घरी येण्याशी जोडली जाते, चपलेशी नाही.

जाता जाता शब्दांविषयी. मराठीत कुत्र्यासाठी जुने शब्द तीनच ऐकू येतात : बोलवायला ‘यू यू’, हाकलायला ‘हाड’, अंगावर सोडायला ‘छू’. बस, थांब, सोड हे शब्द घरात असूनही आपण त्याला ‘सिट’, ‘स्टे’ शिकवतो. कुत्र्याला भाषेचा फरक पडत नाही. आजीला मात्र पडतो, आणि दिवसभर त्याच्याबरोबर बहुधा तीच असते.

शिकवण्याआधीच कुत्र्याला बरेच येत असते, हे कोलकात्याच्या आयसरमधील अनिंदिता भद्रा आणि सहकाऱ्यांनी रस्त्यावरच्या कुत्र्यांवर दाखवले. २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात माणसाने दोन भांड्यांपैकी एकाकडे बोट दाखवायचे होते. जे कुत्रे पुढे आले त्यांतले सुमारे ८० टक्के दाखवलेल्या भांड्याकडे गेले. पण जवळपास निम्मे पुढे आलेच नाहीत. ते भेदरलेले होते. माणसाशी त्यांचा पूर्वीचा अनुभव काय असेल, याचा अंदाज आपल्याला करता येतो.

आमचा उपाय साधा निघाला. दार उघडल्यावर तिच्याकडे पाहायचे नाही, वाकायचे नाही, बोलायचे नाही. सरळ आत जाऊन बसायचे. ती स्वतः जवळ आली की पंचा काढायचा. फरशी पुसण्याचे काम दोनेक महिन्यांत संपले. आता चंपी सहा वर्षांची आहे. मोठ्या आवाजात बोलणारा पाहुणा आला की तिचे कान अजूनही मागे जातात, आणि ती पंचा शोधत माझ्या खुर्चीमागे येऊन बसते.