आच्छादन आणि मोसंबीची बाग : काही रूढ समजुती

२०१२-१३ च्या अवर्षणात जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या उभ्या बागा वठताना आणि टँकरचे विकतचे पाणी आळ्यांत ओतून झाडे जगविण्याची बागाइतदारांची धडपड ज्यांनी पाहिली, त्यांच्या लेखी आच्छादन हा मशागतीचा किरकोळ तपशील उरलेला नाही. म्हणूनच त्याविषयी रूढ झालेल्या समजुतींचा परामर्श घेणे मला अगत्याचे वाटते.

आच्छादन पसरले म्हणजे पाण्याची तजवीज झाली, ही सर्वांत घातक समजूत. वस्तुतः आच्छादन थेंबभरही पाणी निर्माण करीत नाही. ऊन आणि वारा यांचा जमिनीशी येणारा थेट संबंध तोडून ते बाष्पीभवनास आळा घालते, म्हणजे मातीत जी ओल शिल्लक असेल तेवढीच राखते. सबब कोरड्या आळ्यावर अंथरलेले गव्हाचे काड वा उसाचे पाचट फारसे कामी येत नाही. उलट हलकी सर आली तर तिचे पाणी तेच शोषून घेते आणि माती कोरडीच राहते. पावसाळा सरताना, किंवा पाणी देऊन वाफसा आल्यावर, तीन-चार इंच जाडीचा थर द्यावा.

पाचटाने वाळवी लागते, या भीतीत तथ्यांश आहे, पण अल्प. वाळवीचे मुख्य भक्ष्य मृत काष्ठ होय. मात्र थर खोडाला भिडला तर तिला आडोसा मिळतो, आणि साचलेल्या दमटपणामुळे डिंक्याचा उपद्रव बळावतो, जो वाळवीहूनही भयंकर आहे. खोडाभोवती वीतभर जागा मोकळी सोडली की दोहोंचा बंदोबस्त होतो. काड नत्र खाते, हेही असेच अर्धसत्य: ते मातीत मिसळले तर कुजविणारे सूक्ष्म जीव मातीतील नत्र ओढून घेतात, वरच राहिले तर परिणाम पृष्ठभागाच्या पातळ थरापुरता मर्यादित राहतो.

परंतु ज्या समजुतीने जाणत्या बागाइतदाराचाही हंगाम बुडू शकतो ती ही, की आच्छादन बारमाही असावे. आंबे बहार धरावयाचा तर थंडीत पाणी तोडून झाडाला ताण द्यावा लागतो. त्यावाचून वाढ थांबत नाही, आणि वाढ थांबल्यावाचून फूल भरघोस येत नाही. हा ताण हलक्या जमिनीत लवकर, भारी काळ्या जमिनीत उशिरा बसतो, आणि तिच्यावर पाचटाचा थर असला तर जी ओल एरवी वरदान ठरते तीच बहाराच्या आड येते. म्हणून पाणी तोडतानाच आच्छादन आळ्याबाहेर ओढून ठेवावे, उन्हाला माती तापू द्यावी, पाने पिवळसर होऊन काही गळू लागली की ताण पुरेसा झाला असे समजावे; आणि मग आंबवणी-चिंबवणी उरकून वाफसा येताच तेच काड पुन्हा आळ्यात पसरावे.